नवले पुलाच्या उतारावर ब्रेक का फेल होतात

साताऱ्याकडून पुण्यात येताना कात्रजच्या नवीन बोगद्यातून बाहेर पडल्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर काही झालं की दुसऱ्या दिवशी पेपरात, चॅनलवर आणि सोसायटीच्या ग्रुपवर एकच वाक्य फिरतं, ट्रकचे ब्रेक फेल झाले. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री एका ट्रकने चाळीसच्या वर गाड्या ठोकत नेल्या तेव्हा हेच वाक्य होतं. 13 नोव्हेंबर 2025 ला संध्याकाळी दोन अवजड गाड्यांच्या मधे एक कार सापडून पेटली आणि आठ माणसं गेली तेव्हाही हेच. या दोन तारखांच्या मधे त्याच पट्ट्यात, स्वामीनारायण मंदिराच्या आसपास, भूमकर पुलाजवळ, सेल्फी पॉइंटच्या अलीकडे जे अपघात झाले त्यातही बऱ्याच वेळा हेच ऐकलं. आणि ब्रेक फेल म्हटलं की विषय संपतो, ड्रायव्हरवर गुन्हा दाखल होतो, क्रेन येते, काचा झाडल्या जातात आणि रात्रीपर्यंत रस्ता परत चालू होतो.

मी नऱ्ह्यात राहते, रोज याच रस्त्याने टू-व्हीलरवर जाते, आणि मला असं ठामपणे वाटतं की ब्रेक फेल झाले हे उत्तर म्हणून आपण स्वीकारणं आता बंद केलं पाहिजे. एकाच उतारावर वेगवेगळ्या मालकांच्या, वेगवेगळ्या राज्यांतल्या, नव्या जुन्या सगळ्या गाड्यांचे ब्रेक वर्षानुवर्षं फेल होत असतील तर मग प्रश्न त्या गाड्यांपुरता राहत नाही ना. हीच गाडी बंगळूरपासून इथपर्यंत व्यवस्थित थांबत आलेली असते, टोल नाक्यावर थांबलेली असते, ढाब्यावर थांबलेली असते.

आधी ब्रेकचं काय होतं ते बघू, कारण हे नीट समजलं की पुढचं सगळं समजतं. 60 च्या स्पीडने चाललेला ट्रक पूर्ण उभा करायला ब्रेकना जेवढी ऊर्जा उष्णतेत घालवावी लागते, साधारण तेवढीच ऊर्जा तो ट्रक 14-15 मीटर उंची खाली उतरताना नुसता स्पीड वाढू नये म्हणून घालवावी लागते. हे बारावीच्या फिजिक्सचं गणित आहे, कोणीही कागदावर करून बघा. उतार 100 मीटरला 4 मीटर धरला तर याचा अर्थ असा की जवळपास दर साडेतीनशे-चारशे मीटरला एकदा 60 वरून शून्यावर आणल्याएवढा ताप ब्रेकच्या ड्रममधे, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ज्या लोखंडी डब्यावर ब्रेक घासतो त्यात, जमा होतो आणि उतार तर किलोमीटरमधे आहे. मधे थंड व्हायला वेळच नाही. ड्रम तापून फुगतो, त्याला आतून घासणाऱ्या लायनरची पकड सुटते, ड्रायव्हर पॅडल दाबतो आणि गाडी ऐकत नाही. ब्रेकमधे बिघाड असेलच असं नाही, चांगल्या मेंटेन केलेल्या गाडीचंही हे होऊ शकतं. आणि गंमत नाही, फार गंभीर गोष्ट आहे, की दुसऱ्या दिवशी आरटीओचे इन्स्पेक्टर गाडी तपासायला येतात तोवर ड्रम थंड झालेला असतो, त्यामुळे उतारावर नक्की काय झालं ते त्या तपासणीत दिसेलच याची खात्री नसते.

हे टाळायचा उपाय नवीन नाही, घाटातल्या जुन्या ड्रायव्हरांना तोंडपाठ असतो, ज्या गिअरमधे चढलास त्याच गिअरमधे उतर. खालच्या गिअरमधे इंजिनच गाडीला धरून ठेवतं, जोडीला इंजिनचा धूर अडवून गाडी हळू करणारा एक्झॉस्ट ब्रेक असतो, ब्रेक फक्त लागेल तेव्हा मारायचा. पण उतारावर बरेच जण बरोबर उलटं करतात, न्यूट्रल मारतात, काही जण इंजिनच बंद करतात. 2022 च्या अपघातात इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडली होती असं पोलिसांनी प्राथमिक तपासात सांगितलं होतं. ट्रकचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात, इंजिन बंद म्हणजे ती हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद, म्हणजे प्रत्येक ब्रेकला टाकीतली हवा उतरत जाणार आणि परत भरणार नाही, शिवाय पॉवर स्टिअरिंग पण गेलं. चाळीस टनाची वस्तू, स्टिअरिंग जड झालेलं, ब्रेक तापलेले आणि समोर संध्याकाळची नऱ्हे-वडगावची गर्दी.

मग ड्रायव्हर असं का करतात, वेडे आहेत का? मागे एकदा खेड शिवापूरच्या बाजूला चहाला थांबलो होतो तेव्हा शेजारच्या बाकावर कर्नाटकातून फरशी घेऊन आलेला एक ड्रायव्हर बसला होता, कोल्हापूरकडचा, पन्नाशीचा असेल, त्याला मी सरळ हेच विचारलं. तो म्हणाला, "ताई, डिझेल शेठ मोजून देतो. वाचलं तर आमचं, कमी पडलं तरी आमच्याच खिशातनं." एवढंच. त्या वाक्यात सगळं अर्थशास्त्र आलं. ट्रिपचं डिझेल ठरलेलं, खर्ची ठरलेली, पोचायची वेळ ठरलेली. जिथे मिळेल तिथे दोन-चार लिटर वाचवणं हा त्याच्या पगाराचाच भाग झालाय. 1961 चा मोटर वाहतूक कामगार कायदा, जो नोव्हेंबर 2025 मधे नव्या कामगार संहितेत गेला, सांगत होता की दिवसाला आठ तास आणि आठवड्याला 48 तास काम, पण लांबच्या रूटवरच्या एखाद्या ड्रायव्हरला हे सांगून बघा, तो तुमच्याकडे कसा बघतो ते कळेल. ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला तो 1 ऑक्टोबर 2025 पासून, तोही त्या तारखेनंतर बनणाऱ्या गाड्यांना, म्हणजे रस्त्यावरचे बहुतेक ड्रायव्हर अजून कित्येक वर्षं इंजिनाच्या शेजारी भाजतच गाडी चालवणार. आणि 2018 मधे केंद्र सरकारने एक्सलमागे, म्हणजे चाकं जोडणाऱ्या प्रत्येक आसामागे, परवानगी असलेलं वजन 20 ते 25 टक्क्यांनी वाढवलं, जुन्या गाड्यांवरही कायदेशीरपणे जास्त माल आला. जास्त माल म्हणजे त्याच ड्रममधे जास्त ताप. ओव्हरलोडिंग त्याच्या वर वेगळं.

मी ड्रायव्हरला निर्दोष म्हणत नाहीये. न्यूट्रल मारून खाली येणारा माणूस दुसऱ्याच्या जिवाशी खेळतोय हे मला मान्य आहे, आणि त्याला शिक्षा व्हावी हेही मान्य आहे. पण त्याला पकडून जेलमधे टाकल्यावर उद्या त्याच उतारावर येणारा ट्रक त्याच शेठचा नसला तरी त्याच हिशेबाने चाललेला असतो. डिझेलचा हिशेब ज्याने लावून दिला तो मालक आणि ज्याने पोचायची वेळ ठरवली ती ट्रान्सपोर्ट कंपनी, यांना कधी त्या चौकशीत बोलावल्याचं आपण ऐकलंय का.

आता दुसरी गोष्ट, रस्ता कसा दिसतो ती. जुना कात्रज घाट आठवा, वळणं, एका बाजूला डोंगर, एका बाजूला दरी, तिथे कोणालाही सांगावं लागत नाही की बाबा हा घाट आहे. ड्रायव्हर आपोआप गिअर खाली घेतो. नवीन बोगद्यातून बाहेर पडलं की समोर रुंद, बऱ्यापैकी सरळ, गुळगुळीत रस्ता दिसतो, रात्री शहराचे दिवे दिसतात, आणि खंबाटकी उतरून, शिरवळ, खेड शिवापूर करत बोगद्याचा चढ चढून दमलेल्या माणसाला वाटतं की घाट संपला, आलं पुणं. उतार डोळ्याला जाणवतच नाही. मी स्वतः गाडीवरून जाताना दरी पुलाजवळ अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडला तरी काटा वर सरकतो तेव्हा कळतं की आपण केवढ्या उतारावर आहोत. म्हणजे या रस्त्याला घाटाचा धोका आहे पण घाटाचा चेहरा नाही, आणि नवख्या परराज्यातल्या ड्रायव्हरला हे कळायला पहिली खूण मिळते ती स्पीड वाढल्यावर, जेव्हा खालचा गिअर पडणं अवघड झालेलं असतं.

पण फक्त ट्रक उतरला असता तर एवढी माणसं मेली नसती. तो ट्रक ज्यांच्यावर आदळतो ते लोक तिथे का असतात हा माझ्या मते याहून महत्त्वाचा प्रश्न आहे आणि त्याच्यावर सगळ्यात कमी बोललं जातं.

हा रस्ता मुळात शहराला वळसा घालणारा बायपास म्हणून झाला. मुंबईहून येणारी गाडी देहूरोड, रावेत, वाकड, बाणेर, चांदणी चौक, वारजे करत पुण्यात न शिरता साताऱ्याकडे निघून जावी ही कल्पना. आज त्या बायपासच्या दोन्ही बाजूंना शहर आहे. आंबेगाव, धायरी 2017 मधे महापालिकेत आले, नऱ्हे 2021 मधे आलं, पण लोक राहायला त्याच्या खूप आधीच आले होते. कॉलेजेस आहेत, होस्टेल्स आहेत, हजारो फ्लॅट आहेत, नऱ्ह्यात छोटे कारखाने आहेत. या माणसांना भाजी आणायला, मुलाला शाळेत सोडायला, ऑफिसला जायला रस्ता कुठला? सर्व्हिस रोड. तो सगळीकडे सलग नाही, कुठे अरुंद, कुठे खोदलेला, कुठे टपऱ्या आणि लावलेल्या गाड्यांनी अर्धा खाल्लेला, कुठे पावसाळ्यात गुडघाभर पाणी. मग वडगावला जायचं असलेला माणूस स्कूटर काढतो आणि हायवेवर चढतो, कारण दुसरा पर्यायच तसा राहत नाही. दोन किलोमीटर जायचंय, तीस-चाळीसच्या स्पीडला, डाव्या लेनला, हेल्मेट घालून किंवा न घालता, आणि त्याच लेनमधे मागून बंगळूरचा कंटेनर येतोय.

इथे मला लोक सांगतात की पुण्याच्या टू-व्हीलरवाल्यांना शिस्त नाही, राँग साइडने येतात, हेल्मेट घालत नाहीत, वाट्टेल तिथे थांबून रिक्षा पकडतात. खरं आहे. राँग साइड मला पण दिसते, रोज दिसते, आणि संताप येतो. पण राँग साइडने येणारा माणूस जिथून येतो तिथून कायदेशीरपणे वळायला किती लांब जावं लागतं ते एकदा स्वतः जाऊन बघावं. आणि हेल्मेट घातलंच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही, पण चाळीस टन अंगावर आल्यावर हेल्मेट काय करणार. देशाचे 2022 चे सरकारी आकडे बघा, 1,68,491 माणसं रस्त्यावर गेली, त्यातली जवळपास 44 टक्के टू-व्हीलरवरची आणि साधारण 19 टक्के पायी चालणारी. नॅशनल हायवे देशातल्या एकूण रस्त्यांच्या दोन टक्क्यांच्या आसपास आहेत आणि मृत्यू तिथे 36 टक्के. म्हणजे हायवेवर गाडी पळते म्हणून मृत्यू आहेत एवढंच नाही, हायवे आता ज्यांच्या दारातून जातो त्या माणसांना पळणाऱ्या गाड्यांपासून वेगळं ठेवलेलं नाही म्हणून ते आहेत. नवले पुलावर हे चित्र तीन-चार किलोमीटरमधे एकवटलंय.

उपाय झालेच नाहीत असं म्हणणं चूक ठरेल. 2022 नंतर रंबलर, म्हणजे गाडीला हादरे देणारे रस्त्यावरचे उंच पट्टे, आले, बोर्ड आले, स्पीड पकडणारे कॅमेरे आले, अतिक्रमणं काढली, काही काळ अपघात कमी झाल्यासारखे वाटलेही. नोव्हेंबर 2025 नंतर वेगमर्यादा एकदम 30 पर्यंत खाली आणली. लोकांनी या 30 ची खूप चेष्टा केली, की बाइक पण यापेक्षा जोरात उतरते, चलान भरून भरून कंटाळलो वगैरे. मला ती चेष्टा पटली नाही. ट्रकसाठी 30 चा आकडा अगदी योग्य आहे, कारण स्पीड निम्मा केला की दर सेकंदाला ब्रेकमधे जमा होणारा तापही निम्मा होतो आणि ड्रमला थंड व्हायला दुप्पट वेळ मिळतो. प्रश्न आकड्याचा नाही, तो आकडा कुठे लागू करतोय त्याचा आहे. न्यूट्रलमधे सुटलेल्या, ब्रेक तापलेल्या ट्रकला भूमकर चौकाजवळ 30 चा बोर्ड दाखवून काय उपयोग, त्याला थांबता येत असतं तर तो थांबलाच असता. कॅमेरा त्याचा फोटो काढेल, चलान पाठवेल. कॅमेऱ्याच्या धाकाने कार आणि बाइक हळू होतात, जे चांगलंच आहे, पण ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो ट्रक त्या क्षणी कुठल्याच बोर्डचं ऐकण्याच्या अवस्थेत नसतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की जे काही करायचं ते बोगद्याच्या वर करायला हवं, खाली नाही. बोगद्याच्या साताऱ्याकडच्या बाजूला, चढ संपायच्या सुमाराला, प्रत्येक अवजड गाडीला सक्तीचा थांबा. अपवाद नाही. तिथे गाडी पूर्ण उभी राहणार, हवेचं प्रेशर बघणार, ड्रमचं तापमान लांबून मोजायचं यंत्र आता काही महाग राहिलेलं नाही ते लावणार, ड्रायव्हरला त्याच्या भाषेत, कन्नडमधे, तमिळमधे, हिंदीत सांगणार की पुढे इतका उतार आहे, अमुक गिअरमधे जा, इंजिन बंद करू नको. पूर्ण थांबलेली गाडी परत पहिल्या-दुसऱ्या गिअरमधे निघते, ही एकच गोष्ट अर्धं काम करते, कारण थांबून निघालेला माणूस आपोआप खालच्या गिअरमधेच उताराला लागतो. आणि तिथून खाली येईपर्यंत ट्रकसाठी वेगळी लेन, मधे काँक्रीटचा कठडा, नुसता पांढरा पट्टा नाही. तरीही एखाद्याचे ब्रेक गेलेच तर त्याला शिरता येईल असा वाळू-खडीचा चढता ट्रॅक बाजूला, गाडी त्यात रुतून थांबते, जगभर लांब उतारांवर असे ट्रॅक असतात. एक ट्रॅक पुरणार नाही, दोन-तीन लागतील, आणि त्यासाठी जागा लागेल, आणि त्या बाजूला आता बिल्डिंगा आहेत हे मला माहीत आहे. जिथे जागा शिल्लक आहे ती तरी आज राखून ठेवा.

याच्यावर आक्षेप आहेत आणि ते खोटे नाहीत. रांग लागेल. हा रस्ता म्हणजे दक्षिणेकडून चाकण, तळेगावच्या कारखान्यांकडे आणि पुढे मुंबई, जेएनपीटी बंदराकडे जाणारा मुख्य रस्ता, इथे प्रत्येक ट्रक पाच मिनिटं थांबवला तर रांग खेड शिवापूरपर्यंत जाईल असं एका ओळखीच्या ट्रान्सपोर्टवाल्या काकांनी मला सुनावलं. त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. त्याला जागा मोठी लागेल, एका वेळी वीस-पंचवीस गाड्या उभ्या राहतील असा तळ लागेल, गर्दीच्या वेळात म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी अवजड गाड्या वरच थांबवून ठेवाव्या लागतील आणि मग गटागटाने सोडाव्या लागतील. माल अर्धा-पाऊण तास उशिरा पोचेल. पण अपघात झाला की हाच रस्ता कित्येक तास बंद असतो, तेव्हा रांग वारज्यापर्यंत जाते, आणि त्या रांगेत अ‍ॅम्ब्युलन्स पण अडकलेली असते. रोजचा ठरलेला उशीर आणि कधीतरीचा जीवघेणा उशीर यातला पहिला मी कधीही निवडेन, आणि मला वाटतं ट्रान्सपोर्टवाल्यांनी पण शांतपणे हिशेब केला तर तेही तोच निवडतील, गाडी, माल आणि ड्रायव्हर तिघेही त्यांचेच जातात.

दुसरा आक्षेप म्हणजे पैसा आणि अधिकार. रस्ता एनएचएआयचा, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, सर्व्हिस रोडच्या बाजूचं अतिक्रमण महापालिकेचं, वाहतूक पोलिसांची, गाडीची तपासणी आरटीओची. प्रत्येकाची मीटिंग होते, पाहणी होते, फोटो येतात. संयुक्त पाहणी हा शब्द तर मी इतक्यांदा वाचलाय. मला इथे मुंबई-पुणे एक्सप्रेसवेचं उदाहरण द्यावंसं वाटतं. साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा तो रस्ता, 2016 मधे तिथे 151 माणसं गेली होती. तेव्हापासून एमएसआरडीसी म्हणजे राज्याचं रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्था यांनी मिळून प्रत्येक अपघाताचं कारण शोधायचं, ती जागा दुरुस्त करायची, उघडे काँक्रीटचे खांब, कठड्यांची तोंडं झाकायची, असं काम सलग केलं, आणि काही वर्षांतच तो आकडा शंभराच्या खाली आला. शून्य झाला नाही, अजूनही तिथे लोक मरतात, बोरघाटात ट्रक अजूनही मधल्या लेनने रांगतात. पण कमी झाला, कारण कोणीतरी एकाने किलोमीटर आणि मीटर लावून तो रस्ता आपला मानला. नवले पुलाचा उतार त्यामानाने केवढासा आहे.

आणि आपल्या व्यवस्थेत हा रस्ता धोकादायक कधी ठरतो ते ऐका. नॅशनल हायवेवर साधारण 500 मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमा असलेले पाच अपघात झाले, किंवा दहा माणसं मेली, तर त्याला ब्लॅकस्पॉट म्हणायचं. म्हणजे आधी पाच मोठे अपघात नाहीतर दहा मृत्यू झाले पाहिजेत मग फाइल उघडणार. उतार किती, वळण किती, वस्ती किती, सर्व्हिस रोड आहे का, हे सगळं तर रस्ता बांधायच्या आधी कागदावर दिसत असतं. आकडा जमायची वाट बघायची कशासाठी?

रेल्वेचा मोठा अपघात झाला तर रेल्वे स्वतःची चौकशी स्वतः करत नाही, रेल्वे सुरक्षा आयुक्त करतो आणि तो नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो, मुद्दाम, की दडपण नको म्हणून. विमान पडलं की वेगळी संस्था चौकशी करते, अहमदाबादच्या जून 2025 च्या अपघाताचा प्राथमिक अहवाल महिन्याभरात लोकांनी वाचला. रस्त्यावर आठ माणसं गेली तर काय होतं, पोलीस पंचनामा, ड्रायव्हरवर गुन्हा, आरटीओचा तपासणी अहवाल, आणि तो फाइलमधे. सामान्य माणसाला वाचता येईल असा, मराठीत लिहिलेला, रस्त्याच्या डिझाइनचं नाव घेणारा अहवाल मी तरी या उतारावरच्या कुठल्याही अपघाताचा बघितलेला नाही. माहिती जमा होत नाही असंही नाही, केंद्राने अपघातांची नोंद मोबाइलवर करायची जी आयरॅड नावाची सिस्टिम आणली ती सुरुवातीला ज्या सहा राज्यांत आली त्यात महाराष्ट्र होता. म्हणजे अपघात कुठे, किती वाजता, कुठल्या गाडीचा, हे सगळं कुठेतरी सर्व्हरवर आहे. ते जिल्हानिहाय, रस्तानिहाय लोकांना उघडं करा ना.

रस्ता सदोष असेल तर शिक्षा आहे का? आहे. 2019 मधे मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, कलम 198-अ आलं, रस्त्याचं डिझाइन, बांधकाम, देखभाल नियमाप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला, कंत्राटदाराला, सल्लागाराला दंड. किती दंड, जास्तीत जास्त एक लाख रुपये. शेकडो कोटींच्या कंत्राटात एक लाख. तुलनेला बघा, अपघात करून पळून जाणाऱ्या ड्रायव्हरला भारतीय न्याय संहितेत दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद केली, त्यावरून जानेवारी 2024 मधे ट्रकवाल्यांनी संप केला, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि ते कलम थांबवून ठेवावं लागलं. ड्रायव्हर निदान संप तरी करू शकले. उतारावर मेलेल्यांच्या घरच्यांचा संप कोण करणार आणि कशाचा करणार. माझी मागणी आहे की हा एक लाखाचा आकडा कंत्राटाच्या किमतीच्या टक्क्यात बदलावा, आणि तोपर्यंत जे कलम आहे ते तरी निदान एकदा इथे लावून बघावं. या उतारावर ते एकदा कोर्टात उभं राहिलं तर डिझाइनची कागदपत्रं तरी सगळ्यांसमोर येतील.

सर्व्हिस रोडचं मात्र उद्यापासून करता येईल, त्याला ना कायदा बदलायला लागतो ना दिल्लीची परवानगी एवढी लागते. जांभुळवाडीपासून वडगाव पुलापर्यंत दोन्ही बाजूंनी सलग, दिवे असलेला, पाणी न तुंबणारा, फुटपाथ असलेला रस्ता द्या. जिथे जागा ताब्यात नाही तिथे मोबदला देऊन घ्या, ती जमीन वर्षं जातील तशी महागच होणार आहे. मधे मधे खालून पायी जायला भुयारी मार्ग किंवा वरून पूल, पण असा की आजीला चढता येईल, नाहीतर लोक डिव्हायडर ओलांडूनच जाणार. मग टू-व्हीलरना मेन रोडवर बंदी घाला, मी स्वतः पहिली पाळीन. पर्याय न देता बंदी घातली तर ती फक्त पावती फाडायला उपयोगी पडते, हे पुण्यात आपण पुष्कळ पाहिलंय.

उन्नत मार्ग, उताराची तीव्रता कमी करणं, या चर्चा ऐकते मी पण. व्हावेत. रिंगरोड झाला की अवजड वाहतूक बाहेरून जाईल हेही ऐकते, सुमारे 170 किलोमीटरचा एमएसआरडीसीचा रिंगरोड, कामं सुरू आहेत. तो झाला की नवले पुलावरचा भार कमी होईल याबद्दल मला शंका नाही. पण चाकणकडे जाणारे ट्रक गेले तरी पुण्यात माल उतरवणारे ट्रक, खासगी बस, एसटी, सिमेंटचे मिक्सर, डंपर याच उतारावरून येणार आहेत, आणि आपल्याकडे मोठं काम होणार म्हटलं की छोटं काम थांबवून ठेवायची वाईट सवय आहे, की कशाला आता खर्च करायचा, रिंगरोड येतोच आहे.

आणि रिंगरोडबद्दलच एक विचारायचंय. तोही सह्याद्रीच्या कडेने, डोंगरांतून जाणार आहे, त्यालाही बोगदे आहेत, बोगद्यांनंतर उतार असतील, आणि रस्ता झाला की त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॉट पडायला वेळ लागत नाही. त्या उतारांची टक्केवारी किती ठेवली आहे, ट्रक थांबवायचे तळ कुठे आहेत, रुतवायचे ट्रॅक नकाशात आहेत का, आणि बाजूच्या गावांसाठी सर्व्हिस रोडची जागा आत्ताच ताब्यात घेतली आहे का, याचे नकाशे आणि सेफ्टी ऑडिटचे अहवाल त्या त्या गावच्या ग्रामपंचायतीत लावा, मराठीत, काँक्रीट पडायच्या आधी, म्हणजे तिथल्या लोकांना ते बघून हरकती घेता येतील.